ख्रिस्ती सिद्धांत आणि चर्चची सत्ता: क्षमेची किल्ली कोणाच्या हाती?

साष्टीकर (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ९.४०

"पाप, नरक, शुद्धीस्थान (मेल्यावर आत्मा शुद्ध होण्याची जागा) हे सगळं लोकांना धाकात ठेवायला चर्चने काढलं." ऑफिसात, लोकलमध्ये, आता तर नात्यातल्या कॉलेजच्या पोरांकडूनही हे ऐकतो. आणि आमच्या आळीत कुणी असा प्रश्न काढला की वडीलधारी मंडळी "चर्चवर बोट म्हणजे श्रद्धेवर बोट" म्हणून विषयच मिटवतात. मी साष्टीतला ईस्ट इंडियन (मुंबई-वसई पट्ट्यातला मूळचा) कॅथलिक, दर रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जाणारा. मला या दोन्ही उत्तरांनी समाधान होत नाही, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. क्षमा, पश्चात्ताप, मेलेल्यांसाठी प्रार्थना या गोष्टी कुणा पोपने सत्तेसाठी बसून रचल्या असं इतिहासात दिसत नाही. मृतांसाठी प्रार्थना करायची रीत तर चर्चकडे जमिनी आणि सैन्य येण्याच्या कितीतरी आधीची. पण पुढे एकेका श्रद्धेच्या दारात चर्च उभं राहिलं आणि आत जायचं तर आमच्याच हातून, असा नियम झाला. ज्याच्या हातात संस्कार देणं असतं त्याच्या हातात तो अडवणंही असतं, आणि खरी ताकद त्या अडवण्यात आहे.

उदाहरण घ्या. कँटरबरीचा आर्चबिशप कोण यावरून इंग्लंडचा राजा जॉन आणि पोप तिसरा इनोसंट यांचं बिनसलं. पोपने १२०८ साली अख्ख्या देशावर बंदी घातली. मिस्सा बंद, चर्चच्या आवारात दफन बंद. तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा आणि मरणाऱ्याचं पापनिवेदन एवढंच काय ते चालू. हे सहा वर्षं चाललं. भांडण राजाचं, पण आईबापांना पवित्र मातीबाहेर पुरावं लागलं ते शेतकऱ्यांना. १२१३ मध्ये जॉन नमला, स्वतःचं राज्य पोपच्या चरणी घातलं आणि मांडलिक म्हणून वर्षाला हजार मार्क द्यायचं कबूल केलं. पोपने एक सैनिक पाठवला नव्हता.

त्याच इनोसंटच्या काळात, १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेत, वयात आलेल्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन केलंच पाहिजे असं ठरलं. तेही *स्वतःच्या* धर्मगुरूकडे. दुसऱ्याकडे जायचं तर आपल्या फादरची परवानगी हवी. न करणाऱ्याला जिवंतपणी चर्चप्रवेश नाही आणि मेल्यावर ख्रिस्ती दफन नाही.

आणि मग पापमुक्तीपत्रं, म्हणजे पापाची शिक्षा माफ झाल्याचा चर्चचा दाखला. हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं पण दोन ओळींत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. १०९५ मध्ये पोप दुसऱ्या अर्बनने क्रूसेडला जाणाऱ्यांची प्रायश्चित्तं माफ केली. १३४३ मध्ये सहाव्या क्लेमेंटने सांगितलं की ख्रिस्ताच्या आणि संतांच्या पुण्याचा एक अखंड ठेवा आहे आणि तो वाटायचा अधिकार पेत्राच्या वारसांकडे, म्हणजे पोपांकडे, आहे. १४७६ मध्ये चौथ्या सिक्स्टसने ही माफी शुद्धीस्थानातल्या आत्म्यांनाही लागू केली. इथे गोष्ट फिरली, कारण जिवंत माणूस स्वतः पश्चात्ताप करू शकतो, पण मेलेल्या आईसाठी मुलगा पैशाशिवाय दुसरं काय देणार? पुढे ब्रांडेनबुर्गच्या आल्ब्रेख्तला माइन्झचं आर्चबिशपपद हवं होतं. वय कमी, आणि आधीच्या जागाही सोडायच्या नव्हत्या. त्यासाठी रोमला भरायची रक्कम त्याने आउग्सबुर्गच्या फुगर सावकारांकडून कर्जाऊ काढली. दहाव्या लिओने त्याच्या मुलखात पापमुक्तीपत्रांची मोहीम मंजूर केली: निम्मा पैसा सेंट पीटर्सच्या बांधकामाला, निम्मा फुगरचं कर्ज फेडायला. योहान टेट्झेल प्रवचनं करत गावोगाव फिरायचा तेव्हा पेटीशी फुगरचा माणूस असायचा. पेटीत नाणं टाकणाऱ्या बाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला आईची काळजी होती. १५१७ मध्ये लूथरने ९५ मुद्दे मांडले ते यावर.

मला या बाईचा विचार सोडवत नाही. तिची श्रद्धा खरी होती, आणि त्या श्रद्धेवर सावकाराचं व्याज फेडलं गेलं.

तर प्रश्न असा: दोष सिद्धांताचा की वापरणाऱ्याचा? आणि आपल्या मुंबईत हे कुठे दिसतं?

---

अभि_दादर | शनिवार, रात्री १०.१५

चांगला विषय. पण हे फक्त ख्रिस्ती धर्मातच झालंय का? आपल्याकडे पुरोहितांनी काय कमी केलं?

---

साष्टीकर | शनिवार, रात्री १०.२२

नक्कीच झालंय, आणि त्यावर महाराष्ट्रात दीडशे वर्षं लिहिलं गेलंय. आमच्या घरातलं आम्ही बोलावं एवढाच या धाग्याचा हेतू. तुमचा मुद्दा वेगळ्या धाग्यात काढलात तर तिथे जरूर येईन.

---

नंदाखालकर | शनिवार, रात्री ११.०५

साष्टीकर, मांडणी प्रामाणिक आहे, पण निम्मी आहे. मी वसईचा, बरीच वर्षं धर्मशिक्षणाचे वर्ग घेतोय, म्हणून उरलेली निम्मी मांडतो.

एक, पापमुक्तीपत्रांचा बाजार चर्चनेच बंद केला. १५६३ मध्ये ट्रेंट परिषदेने त्यातल्या धनलोभावर ठपका ठेवला आणि १५६७ मध्ये पाचव्या पायसने पैशाशी जोडलेल्या सगळ्या माफ्या रद्द केल्या. उशीर झाला, मान्य. अर्धा युरोप हातचा गेल्यावर झालं, तेही मान्य.

दोन, तुम्ही ज्या अडवण्याच्या ताकदीला नावं ठेवता तीच कधीकधी गरिबाच्या बाजूने उभी राहिलीय. थेस्सलोनिकात रोमन सम्राट थिओडोसियसच्या सैनिकांनी हजारो लोक कापले. इ.स. ३९० मध्ये मिलानचे बिशप अँब्रोज यांनी सम्राटाला कळवलं की प्रायश्चित्त केल्याशिवाय तुला पवित्र भोजन (कम्युनियन, मिस्सेत मिळणारा ख्रिस्तप्रसाद) मिळणार नाही. सम्राटाने राजवस्त्रं उतरवून लोकांदेखत प्रायश्चित्त केलं. त्या काळी सम्राटाला जाब विचारणारी दुसरी कोणती संस्था होती? न्यायालय? वर्तमानपत्र?

तीन, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना गुलाम करायला निघालेल्या स्पॅनिश जमीनदारांविरुद्ध बार्तोलोमे दे लास कासास हा धर्मगुरूच उभा राहिला. १५३७ मध्ये पोप तिसऱ्या पॉलने लिहून दिलं की ही माणसं आहेत, त्यांचं स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावता येणार नाही, ती ख्रिस्ती नसली तरीही. आधार तोच सिद्धांत: माणूस देवाच्या प्रतिमेत घडलाय.

आणि लांब कशाला जायचं? वसईत जमिनी बळकावणाऱ्यांच्या विरोधात हरित वसईची चळवळ उभी राहिली, तिच्या पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्या दिवसांत झगा घातलेला माणूस मोर्च्यात पुढे चालतोय म्हणून बायका घराबाहेर पडल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. धर्मगुरूच्या शब्दाला वजन होतं म्हणूनच ते घडलं. ते वजन काढून घेतलंत तर गरिबाच्या बाजूने कोण बोलणार?

---

लता भा. | रविवार, सकाळी ७.५०

नंदाखालकर दादा, तुमचा प्रतिसाद आवडला, पण शेवटचा प्रश्न मला खटकला. गरिबाच्या बाजूने गरिबाने स्वतः बोलावं.

मी भायखळ्याची, अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट मिशनच्या परंपरेतली, चौथी पिढी. आमच्या लोकांना वाटतं हा सगळा कॅथलिकांचा प्रश्न, आम्ही लूथरचे. तसं नाही. १५२५ मध्ये जर्मन शेतकरी उठले ते बायबल हातात घेऊन, वेठबिगार नको म्हणत. लूथरने राजांची बाजू घेतली. "प्रत्येकाने वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असावे" हे बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातलं वचन तेव्हापासून किती राज्यकर्त्यांच्या कामी आलं बघा. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या सरकारने हेच वचन मिरवलं आणि तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चने त्या व्यवस्थेला धर्माचा आधार दिला. १९८५ मध्ये तिथल्याच ख्रिस्ती लोकांनी कैरोस दस्तऐवज काढून या शिकवणुकीला जाहीर नकार दिला. पोप नसला की प्रश्न सुटतो असं काही नाही.

पण मला मुख्य लिहायचंय ते पंडिता रमाबाईंबद्दल. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, अँग्लिकन भगिनींच्या मठात. आता ही बाई कोण? संस्कृत पंडिता, कलकत्त्याच्या विद्वानांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेली, नवरा आणि भाऊ गेलेले, कडेवर लहान मुलगी. सगळ्या अर्थाने आश्रित. आणि तरी सिस्टर जेराल्डीन आणि तिथल्या बिशपांशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो वाचताना मान ताठ होते. त्यांचं म्हणणं असं की भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने सुटले, आता तसंच दुसरं जोखड मानेवर घेणार नाही. ख्रिस्त मान्य, पण बिशप म्हणतात म्हणून एखादी गोष्ट मान्य असं नाही. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असंही त्यांनी विचारलं. वरच्यांना हा उद्धटपणा वाटला. आज्ञापालन हा ख्रिस्ती सद्गुण आहे हे त्यांना वारंवार ऐकवलं गेलं.

आता साष्टीकरांच्या प्रश्नाकडे येते. नम्रता हा सिद्धांत खोटा आहे का? नाही. येशूने शिष्यांचे पाय धुतले. पण नम्रता शिकवणारा नेहमी वर आणि शिकणारी नेहमी खाली असली की तिचं काय होतं ते रमाबाईंनी जागच्या जागी ओळखलं. आणि त्या नुसत्या चिडून बसल्या नाहीत. १८८९ मध्ये इथे मुंबईत, चौपाटीला, शारदा सदन काढलं, पुढे पुण्याला आणि मग केडगावला गेल्या. शेवटची कित्येक वर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणण्यात घातली, खेड्यातल्या बाईला कुणाला न विचारता वाचता यावं म्हणून. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात त्याची अक्षरं जुळवली तीही बायकांनीच. १९२२ मध्ये त्या गेल्या तेव्हा काम पुरं झालेलं होतं.

माझ्या आजीकडे त्या भाषांतरातला नवा करार होता. समासात पेन्सिलीने तिच्या खुणा आहेत. जिथे पाद्री एक सांगायचे आणि तिला दुसरं वाटायचं तिथे तिने बारीक फुली केलीय. त्या फुल्या मी मोजल्या नाहीत, पण पौलाच्या पत्रांत पुष्कळ आहेत.

---

अभि_दादर | रविवार, सकाळी ९.१०

लताताई, प्रतिसाद जपून ठेवलाय. कवी ना. वा. टिळकांचंही असंच काहीसं ना?

---

लता भा. | रविवार, सकाळी ९.३०

हो. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, वीसेक वर्षं मिशनमध्ये काम केलं आणि १९१७ मध्ये ते सोडून 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा. ख्रिस्ताकडे यायला मिशनचा शिक्का लागत नाही, हे त्यांनी करून दाखवलं. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार फार टिकला नाही.

---

जुने नकाशे | रविवार, दुपारी १.२०

मुंबईचं विचारलंय म्हणून लिहितो. मी ख्रिस्ती नाही, जुन्या मुंबईच्या कागदपत्रांचा नाद आहे.

सुरुवात १४५५ पासून. पोप पाचव्या निकोलसने पोर्तुगालच्या राजाला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे बिगरख्रिस्ती प्रदेश जिंकायचा, तिथल्या लोकांना दास करायचा आणि तिथे चर्च उभारायचा हक्क दिला. १४९३ मध्ये सहाव्या अलेक्झांडरने पश्चिमेकडचा हक्क स्पेनला दिला. ज्यांच्या जमिनी, त्यांना कुणी विचारलं नाही. त्यातून 'पाद्रोआदो' ही व्यवस्था वाढली: चर्चचा खर्च राजाने करायचा आणि बिशपही राजानेच सुचवायचे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई, साष्टी आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांकडे आली तेव्हा ही व्यवस्थाही सोबत आली.

ज्यांना डोळ्यांनी बघायचंय त्यांनी बोरिवलीला मंडपेश्वरला जावं. शैव लेणी. फ्रान्सिस्कन संघाच्या धर्मगुरूंनी त्यांचं चर्च केलं आणि टेकडीवर मठ व विद्यालय बांधलं. देवळाचं उत्पन्नही त्यांच्याकडे गेलं. आज वर मठाच्या बिनछपराच्या भिंती आणि खाली शिवाची शिल्पं, भिंतीवर कोरलेला क्रूससुद्धा आहे. सिद्धांत असा की खोट्या देवाची जमीन खऱ्या देवाला दिली. महसूल कुणाच्या वहीत जमा झाला हे वेगळं सांगायला नको.

पण मुंबईची खरी कहाणी त्यापुढची आहे आणि ती फारशी कुणाला माहीत नसते. रोमला कळून चुकलं की राजाच्या हातात बिशप दिल्याने आपलीच पंचाईत झालीय. म्हणून 'प्रोपगांडा' हे रोमचं मिशन खातं स्वतःचे बिशप पाठवू लागलं. गोव्यातल्या दिवाडीचे मातेउस दे कास्त्रो जन्माने ब्राह्मण कुळातले. गोव्याच्या आर्चबिशपने त्यांना दीक्षा नाकारली. ते थेट रोमला गेले, आणि १६३७ मध्ये बिशप होऊन विजापूरच्या मुलखासाठी परतले. गोव्याच्या चर्चने त्यांना शेवटपर्यंत मानलं नाही. विश्वास एक, बाप्तिस्मा एक, पोपचा शिक्का एक, आणि तरी बिशप अमान्य.

१७२० मध्ये इंग्रजांनी मुंबईतून गोव्याच्या बाजूचे धर्मगुरू काढले आणि रोमच्या बाजूचे कार्मेलाइट संघाचे धर्मगुरू आणले. त्यावरून इतकी भांडणं झाली की १७९४ मध्ये चर्चची वाटणीच झाली: काही गोव्याकडे, काही रोमच्या प्रतिनिधीकडे. एका शहरात दोन कॅथलिक सत्ता, शेजारीशेजारी. १८३८ मध्ये पोपने पोर्तुगालचे हक्क कापणारा आदेश काढला, तर गोव्याची बाजू म्हणाली, राजाच्या संमतीशिवाय आम्ही तो मानत नाही. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चवरून प्रकरण इतकं पेटलं की रोमच्या बाजूचे बिशप हार्टमन स्वतः चर्चमध्ये ठाण मांडून बसले, बाहेर विरुद्ध बाजूच्या लोकांचा वेढा. शेवटी इंग्रज दंडाधिकारी मध्ये पडला.

ज्या चर्चला आज दर बुधवारी सगळ्या धर्मांचे लोक नोव्हेनाला (विशेष प्रार्थनेला) मेणबत्त्या घेऊन रांग लावतात, तेच हे.

१८८६ मध्ये पोप आणि पोर्तुगालमध्ये करार होऊन मुंबई आर्चडायोसिस (आर्चबिशपचा प्रांत) झाली, पण दुहेरी कारभार संपला थेट १९२८ मध्ये. तेव्हाही ठरलं काय, तर एक आर्चबिशप पोर्तुगीज आणि पुढचा ब्रिटिश, पाळीपाळीने. इथल्या माणसाची पाळी त्या करारात नव्हतीच.

---

माहीमची | रविवार, दुपारी २.०५

मी याच चर्चच्या हद्दीत वाढले आणि हे मला कुणीही सांगितलं नव्हतं! एक विचारते: सामान्य माणसाला काय फरक पडत होता? एक चर्च नाही तर दुसरं. मिस्सा तीच, लॅटिनमध्येच.

---

साष्टीकर | रविवार, दुपारी ३.४०

माहीमची, फरक जबरदस्त पडत होता. कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे मिस्सा कुठल्याही दीक्षित धर्मगुरूने केली तरी मिस्साच. पण पापनिवेदनानंतरची क्षमा वैध व्हायला फादरला त्या जागेचा अधिकारही लागतो, आणि तो बिशपकडून येतो. १२१५ चं 'स्वतःचा धर्मगुरू' आठवा. बिशपच खरा की खोटा असा वाद असेल तर फादरचा अधिकारही वादात, आणि मग तुमची पापं सुटली की नाही हेही वादात.

आता १८५० च्या माहीममधली एक कोळीण डोळ्यांसमोर आणा. तिला कन्कॉर्डॅट (पोप आणि राजातला करार) माहीत नाही, लिस्बन माहीत नाही. वाडीतल्या फादरला ती लहानपणापासून ओळखते. आणि एका रविवारी तिला सांगण्यात येतं की हा फादर फुटीर आहे, याच्याकडे केलेलं पापनिवेदन चालत नाही. पलीकडच्या बाजूचे लोक तिला नेमकं उलट सांगतात. दोन्ही बाजू तिच्या आत्म्याची काळजी वाहत असल्याचं म्हणतात. वादाचा विषय असतो चर्चची मालकी, उत्पन्न आणि नेमणुकीचा हक्क.

सिद्धांत सत्तेच्या कामी येतो म्हणजे काय, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला युरोपातही सापडलं नाही.

---

नंदाखालकर | रविवार, संध्याकाळी ६.१५

हे वाचून वाईट वाटलं, आणि मी ते नाकारत नाही. फक्त जुने नकाशे यांनी जिथे थांबवलं त्याच्या पुढची पायरी सांगतो. १९३७ पासूनचे आर्चबिशप टॉमस रॉबर्ट्स, इंग्रज, जेझुइट संघाचे धर्मगुरू. त्यांनी वॅलेरियन ग्रेशियस यांना सहायक बिशप करून घेतलं आणि इथल्या माणसाला जागा मिळावी म्हणून १९४६ मध्ये कारभार त्यांच्यावर सोडून स्वतः मुंबईबाहेर गेले. १९५० मध्ये रीतसर राजीनामा झाला आणि ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. पाळीपाळीचा करार असा एका माणसाने खुर्ची सोडून संपवला. अधिकार म्हणजे सेवा, ही शिकवण असं वागणारीही माणसं घडवते.

१४५५ च्या आदेशांबद्दल: मार्च २०२३ मध्ये व्हॅटिकनने तो 'शोधाच्या हक्काचा' (जो प्रदेश शोधेल त्याचाच त्यावर हक्क, असा) सिद्धांत अधिकृतपणे नाकारला आणि ते आदेश कधीच कॅथलिक श्रद्धेचा भाग नव्हते असं सांगितलं.

---

जुने नकाशे | रविवार, संध्याकाळी ६.५०

आर्चबिशप रॉबर्ट्स यांच्याबद्दल पूर्ण सहमत. २०२३ च्या निवेदनाबद्दल मात्र नाही. ज्या कागदावर पोपची मुद्रा होती आणि ज्याच्या जोरावर शतकानुशतकं जमिनी घेतल्या गेल्या, तो श्रद्धेचा भाग नव्हता हे साडेपाचशे वर्षांनी सांगणं फार सोपं आहे. १८२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मूळ रहिवाशांच्या जमिनीचा निकाल याच शोधाच्या हक्कावर दिला. जमीन परत गेली नाही.

---

साष्टीकर | रविवार, रात्री ८.३०

अजून एक जोडतो. पोपच्या अचूकतेचा (श्रद्धा आणि नीतीबद्दल पोपने अधिकृतपणे दिलेली शिकवण चुकत नाही, असा) सिद्धांत जुलै १८७० मध्ये पहिल्या व्हॅटिकन परिषदेत मंजूर झाला, आणि २० सप्टेंबर १८७० ला इटलीच्या सैन्याने रोम घेतलं. हजार वर्षांचं पोपचं राज्य गेलं त्याच वर्षी शिकवणुकीतला अधिकार शिगेला पोचला. याला मी नुसता योगायोग मानत नाही, पण कारस्थानही मानत नाही. भोवतालचं सगळं कोसळताना एक तरी आवाज ठाम असावा असं लाखो सामान्य कॅथलिकांनाही मनापासून वाटत होतं. परिषदेच्या आधी या सिद्धांताला जोरदार विरोध करणाऱ्यांत लॉर्ड अ‍ॅक्टन होते, श्रद्धावान कॅथलिक. सत्तेने माणूस बिघडतो हे त्यांचं वचन सगळे राजकारणाच्या संदर्भात वापरतात. मुळात ते १८८७ च्या एका पत्रातलं आहे, आणि त्या पत्राचा विषय होता पोपांना इतिहासकारांनी सूट द्यावी का.

---

मधली_बेंच | रविवार, रात्री ११.४५

मी इथे नुसती वाचते, पहिल्यांदाच लिहितेय.

पहिलं लग्न चर्चमध्ये झालं. नवरा दारूडा नव्हता, मारकुटाही नव्हता, त्याला लग्नच नको होतं. घरच्यांनी उभा केला. हे त्याने लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात सांगितलं. पुढे कोर्टातून घटस्फोट, मग मी रजिस्टर लग्न केलं. नवरा चांगला आहे, मुलगी आहे. चर्चच्या दृष्टीने माझं पहिलं लग्न अजून आहे, म्हणून मला कम्युनियन नाही.

दर रविवारी जाते. कम्युनियनच्या वेळी बेंच रिकामा होतो तेव्हा मी गुडघे एका बाजूला घेते, बाकीच्यांना जायला वाट करून देते. मुलगी आता पहिल्या कम्युनियनच्या वर्गात आहे. तिने विचारलं, मम्मा तू का येत नाहीस.

लग्नाचं वचन आयुष्यभराचं असतं हा सिद्धांत मला मान्य आहे. माझं भांडण त्याच्याशी नाहीच. पहिलं लग्न मुळात झालंच नव्हतं, हे तपासा, असा अर्ज मला करायचा होता. पॅरिश ऑफिसात, म्हणजे आमच्या चर्चच्या ऑफिसात, गेले तेव्हा फादरांनी मान वर न करता सांगितलं की यात फार वर्षं जातात, फार खर्च येतो, आता मूल आहे ना, राहू दे. कागदही घेतला नाही. त्याला आता बरीच वर्षं झाली. साष्टीकर, तुम्ही ती १२०८ ची बंदी लिहिलीत ना, ती वाचून रडले.

---

लता भा. | सोमवार, सकाळी ६.३०

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत.

---

नंदाखालकर | सोमवार, सकाळी ८.२०

ताई, धर्मशिक्षक म्हणून मला तुमची क्षमा मागावीशी वाटते, ती मागतो. आणि आता कामाचं लिहितो, कारण तुम्हाला जे सांगितलं गेलं ते नियमाला धरून नव्हतं.

१९८३ च्या चर्च कायद्याचं कलम १४७६: बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, कुणालाही चर्चच्या न्यायालयात दाद मागता येते. पॅरिश प्रीस्टची परवानगी लागत नाही. अर्ज थेट डायोसिसच्या (बिशपच्या प्रांताच्या) विवाह न्यायालयात, ज्याला ट्रिब्युनल म्हणतात, तिथे द्यायचा. संमती नसताना, किंवा दबावाने वा नुसता देखावा म्हणून केलेलं लग्न, हा तपासाचा मान्य आधार आहे.

कलम १५०६: अर्ज देऊन महिना झाला आणि न्यायाधीशाने तो स्वीकारला किंवा फेटाळला असं काहीच कळवलं नाही, तर निर्णय द्या अशी मागणी तुम्ही करू शकता. त्यानंतर दहा दिवस गप्प राहिले तर अर्ज स्वीकारला असं धरलं जातं. म्हणून अर्जाची पोच घ्या, तारखेसह.

खर्च: २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ही प्रक्रिया सुटसुटीत केली. आधी दोन न्यायालयांचा एकसारखा निकाल लागायचा, आता एक पुरतो. आणि न्यायालयात काम करणाऱ्यांचा योग्य मोबदला सांभाळून ही प्रक्रिया शक्य तितकी मोफत असावी असं त्यात स्पष्ट म्हटलंय. पैशाची अडचण असेल तर ती अर्जातच लिहा.

तुमच्या पहिल्या नवऱ्याने दुसऱ्या आठवड्यात जे सांगितलं ते तेव्हा आणखी कुणाला माहीत झालं होतं का? बहीण, मैत्रीण, शेजारीण? त्यांची साक्ष महत्त्वाची ठरते. तेव्हाचं पत्र, मेसेज काहीही असेल तर शोधून ठेवा.

---

साष्टीकर | सोमवार, सकाळी ९.०५

नंदाखालकर, या प्रतिसादासाठी मनापासून आभार. ही कलमं सर्वांसाठी धाग्याच्या सुरुवातीला जोडतो. त्यात आणखी दोन: कलम २१२ प्रमाणे चर्चच्या हिताबद्दल आपलं मत धर्माधिकाऱ्यांना सांगणं हा सामान्य ख्रिस्ती माणसाचा हक्क आहे, आणि प्रसंगी कर्तव्यही. कलम १२८७ प्रमाणे लोकांनी दिलेल्या दानाचा हिशेब लोकांना द्यायचा असतो. आमच्या पॅरिश कौन्सिलमध्ये मी दोन्ही वाचून दाखवणार आहे.

---

मधली_बेंच | सोमवार, दुपारी १२.५०

धाकट्या बहिणीला तेव्हा सगळं सांगितलं होतं. ती आता वसईला असते. ती साक्ष द्यायला तयार आहे, आत्ताच फोनवर बोललो. नंदाखालकर सर, अर्ज मराठीत लिहिला तर चालेल का?

---

नंदाखालकर | सोमवार, दुपारी १.१०

लिहा मराठीतच, तुमच्या शब्दांत. इंग्रजी प्रत हवी असेल तर मी करून देतो. व्यक्तिगत निरोपात पाठवा, इथे नावं टाकू नका.